लव्हाळ्याच्या कानात

१८ नोव्हेंबर १९७४, पाणसवाडी

आलो बुवा एकदाचा! साताऱ्याहून मेढ्यापर्यंत एस.टी.ने हाडं खिळखिळी केली, आणि उरलीसुरली पुढे खात्याच्या जीपने मोजून घेतली. पण इथली हवा छातीत भरली आणि सगळा शीण उतरला. तिन्ही बाजूंना डोंगर, मध्ये दुष्काळी कामातून झालेला नवा पाझर तलाव, आणि त्याच्या वरच्या अंगाला माझा बंगला. बंगला म्हणजे दोन खोल्या नि पडवी, पण शेजारी चक्क काचघर आहे! पूर्वीच्या कुणा इंजिनिअर साहेबाला गुलाबांचा शौक होता. साहेब बदलून गेले, गुलाब वाळले, काचा मात्र शाबूत राहिल्या.

तलावाचा बांध लाटांनी खचतो आहे. माती धरून ठेवायला पाण्याच्या काठाने इथलाच लव्हाळा लावायचा, असं वरच्यांच्या डोक्यात आलं. रानातले ठोंब पुरणार नाहीत, म्हणून बियांपासून रोपं करायची, आणि ती करायला निवृत्त विष्णुपंत. सांगलीचे मित्र पोट धरधरून हसले. उसातला लव्हाळा खुरपता खुरपता शेतकऱ्याची हयात जाते आणि तुम्ही तो पगार घेऊन पेरणार, म्हणाले. हसोत बापडे. कॉलेजात पोरांना वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं दाखवण्यात माझा जन्म गेला, पण हातून काही उगवण्याचा योग आता आला आहे.

राखणदार आणि माळी दोन्ही एकच, नाथाजी. पलटणीतून हवालदार होऊन आलेले, मिशा अजून ड्यूटीवर. आमचे चिरंजीवही फौजेत आहेत म्हटल्यावर कडक सॅल्यूट ठोकला. कुठं असतात, असं विचारलं. मी म्हटलं, पूर्वेकडे. खोटं नाही बोललो. एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेकडे एक नदी ओलांडताना ते बेपत्ता झाले, एवढंच तारेत होतं. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे. हे मी पद्माला सांगून थकलो. तिचं म्हणणं, वाईला घाटावर जाऊन त्याचं काय ते करून टाकू, निदान आपण रडून मोकळे होऊ. गुरुजींशीसुद्धा बोलून आली. मी भरल्या ताटावरून उठलो आणि दुसऱ्या दिवशी या नोकरीला होकार कळवला. आई असून तिला इतकी घाई का, हे मला कळत नाही.

असो. नाथाजींनी गुळाचा चहा फक्कड केला होता.

२७ नोव्हेंबर

बी गोळा करायला ओढ्याच्या काठाने हिंडलो. लव्हाळ्याची काडी दोन बोटांत फिरवली की तीन धारा लागतात, ही त्याची खूण. तुरे तपकिरी झालेत. हातावर चोळले की खसखशीएवढं बी सुटतं, फुंकर मारली तर निम्मं उडून जातं. कागदी पुड्या भरल्या, वर ठिकाण आणि तारीख घातली.

एक गंमत पाहिली. ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया मोठमोठ्यानं बोलत होत्या, पण घरी निघाल्या आणि लव्हाळ्याच्या पट्ट्याशी आल्या तशा गप्प झाल्या. पलीकडे गेल्यावर पुन्हा कलकलाट. नाथाजींना विचारलं तर म्हणाले, रीत हाय. मग जरा घुटमळून म्हणाले की सायेब, बी टाकताना तोंड मिटून टाका, कुणा माणसाची आठवण काढू नका. मी विचारलं, लव्हाळा चुगली करतो की काय? ते हसले नाहीत. फौजेतला माणूस इतका भाबडा असेल असं वाटलं नव्हतं.

९ डिसेंबर

आज पेरणी. ओढ्याची वाळू, चाळलेला गाळ आणि कुजलेला पाला सारखा घेऊन कुंड्या भरल्या. हे बी मातीआड करायचं नसतं. वरच भुरभुरायचं आणि तळहातानं हलकं दाबायचं. त्याला उजेड लागतो. पाणी झारीने घातलं तर वाहून जाईल, म्हणून कुंड्या पाण्याच्या परातीत ठेवायच्या, खालून ओल वर चढते.

नाथाजी बाहेर गेले होते. दुपारचं ऊन काचेतून येऊन पाठीला छान लागत होतं. कोपऱ्यातल्या कुंडीशी खुर्ची ओढून बसलो आणि काय झालं कोण जाणे, बोलायला लागलो. डिसेंबर आहे ना. चिरंजीवांना लहानपणी पेरणीचा भारी नाद. एकदा भाकरीवर साखर घालून दिली होती, ती तशीच कुंडीत पुरली, भाकरीचं झाड येईल म्हणून. चिंचेवरून पडून भुवईवर खोक पडली तर रडले नाहीत. चिंचा खिशात आहेत ना ते आधी पाहिलं. गाडीत बसताना मला वाकून नमस्कार केला आणि पाठ वळताच शीळ घातली, तीही बेसूर. हे सगळं त्या कुंडीला सांगत बसलो. घरात हे बोलायची सोय नाही. पद्मा लगेच डोळ्याला पदर लावते.

मन हलकं झालं. खरंच हलकं.

४ जानेवारी १९७५

उगवलं! बाकी कुंड्यांत ठणठणपाळ, पण कोपऱ्यातल्या कुंडीत केसासारखी हिरवी लव दाटली आहे. भिंगातून पाहून घेतली. या वयात उडी मारता येत नाही म्हणून नाथाजींना मिठी मारली. ते अवघडले. तुम्ही हितं काय बोलला का, म्हणाले. मी म्हटलं, म्हातारा माणूस, एकटा असला की बडबडतो.

त्यांनी त्या कुंडीला हात लावला नाही.

२० जानेवारी

रोपं बोटभर झाली. सगळी सूर्याकडे कलायला हवीत, पण ही खुर्चीकडे कलतात. खुर्ची दुसऱ्या अंगाला नेली. संध्याकाळपर्यंत रोपं तिकडे वळलेली. शास्त्रात याला काय म्हणावं ते सुचेना. खरं सांगायचं तर लाड करून घेतल्यासारखं वाटलं.

ज्या दिवशी बोलतो त्या दिवशी तरारतात, गप्प बसलो की सुकतात. म्हणून रोज दुपारी तासभर बसतो. शाळेतल्या खोड्या, सायकल शिकताना कृष्णेच्या घाटावर कसे आपटले, भरतीला जायचं ठरवलं तेव्हा आमचं जुंपलेलं भांडण, सगळं झालं. पद्माला दोन ओळी लिहिल्या, की काम झकास चाललं आहे.

७ फेब्रुवारी

रोपं काचघरातल्या लांब वाफ्यात लावली. ओळी दोरी धरून सरळ काढल्या.

सायंकाळी ही वही सहज मागे चाळली. त्यात लिहिलं आहे की चिरंजीव चिंचेवरून पडले आणि भुवईवर खोक पडली. मला हे आठवत नाही. अक्षर माझंच, शाई माझीच. भाकरीचं झाड तर कुणा दुसऱ्याच्या पोराचं वाटतं. चांगली गंमत आहे असं मनाशी म्हटलं आणि हसलोही. म्हणजे मी हे ऐकतोय पहिल्यांदा.

वय झालं, दुसरं काय.

१६ फेब्रुवारी

ओळी राहिल्या नाहीत. मध्ये दाट नि उंच, कडेला विरळ. दाराशी उभं राहून पाहिलं तर कुणी तरी आडवं झोपलं आहे. खांदे आहेत. एक गुडघा वर घेतलेला, एक हात डोक्याखाली. चिरंजीव असेच झोपत — हे मी अजून सांगितलं नव्हतं, म्हणून मला ठाऊक आहे.

भीती वाटली का? वाटली. पण त्याआधी जे वाटलं ते लिहितो. आनंद झाला. तीन वर्षांत झाला नव्हता एवढा. मी जवळ गेलो आणि म्हटलं, असेच झोपायचा रे तू.

लव्हाळा हलला. काचघरात वारा नसतो.

१९ फेब्रुवारी

नाथाजींनी गावातून धोंडुबाईंना आणलं. खूप म्हाताऱ्या आहेत, पाठीत वाकलेल्या. मालक बर्माच्या लढाईत गेले, हाती काहीच आलं नाही. त्या काचघराच्या दारात उभ्या राहिल्या, वाफ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. पडवीत येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

मग सांगितलं ते असं. या गावची पुष्कळ माणसं लढाईत गेली नि माती हाती आली नाही. अशा माणसाचा रानच्या लव्हाळ्याचा पुतळा बांधतात, त्याचे कपडे घालतात. घरच्यानं एकेकानं त्याच्या कानात त्याची एकच आठवण सांगायची. याला सांगणं म्हणतात. सांगितलेलं तो घेऊन जातो, मग ते घरात कुणाकडंच राहत नाही, तेवढं ओझं उतरतं. दिवस मावळायच्या आत पुतळा जाळायचा. म्हणून एरवी लव्हाळ्याजवळ कुणी माणसाची आठवण काढत नाही.

त्यांनी काय सांगितलं होतं, असं मी विचारलं. म्हणाल्या, "त्यांचा आवाज सांगितला. तवापासनं मला त्यांचा आवाज आठवत न्हाई, मास्तर. पन झोप लागाय लागली."

रानचा लव्हाळा कुणाचाच नसतो, तो एका दिवसापुरता माणूस होतो, असं त्या म्हणाल्या. पेरलेला ज्यानं पेरला त्याचाच. तो जात नाही, मागतच राहतो. "आवं, आजच कापा नि जाळा. जेवढं ऱ्हायलंय तेवढं तरी तुमचं ऱ्हाईल."

मी त्यांना काय बोललो ते लिहायची लाज वाटते. माझ्या मुलाला जाळायला सगळं जग टपून बसलं आहे, असं ओरडलो. त्या बाई रागावल्या नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

२४ फेब्रुवारी

ट्रंकेतला फोटो काढला. गणवेशातला एक तरणा मुलगा. चांगला आहे. कुणाचा तरी असेल.

हे लिहिलं, परत वाचलं, तेव्हा उमगलं कुणाचा ते.

आता तोंड उघडायचं नाही. पाणी फक्त घालायचं.

२८ फेब्रुवारी

चार दिवस गप्प बसलो. वाफा पिवळा पडतो आहे. छातीशी लव्हाळा खाली बसला, श्वास लागल्यासारखा उठतो, बसतो. खिडकीतून दिसतं. उपाशी पोर घरात असावं आणि आपण जेवायला बसावं, तसं होतं. दोन दिवस घास उतरला नाही.

दुपारी गेलो. थोडंच सांगितलं. त्याचं पहिलं पत्र. त्यात काय होतं ते — आता नाही सांगता येत.

लगेच हिरवा झाला.

४ मार्च

तो उठून बसला आहे.

नाथाजी काचघरात पाऊल टाकत नाहीत. बाहेर रॉकेलचा डबा घेऊन उभे असतात. म्हणतात, सायेब, तुमी हुकूम द्या, बाकी माझ्यावर सोडा. मी देत नाही.

चेहरा अजून नाही. चेहऱ्याच्या जागी तुरे. मी फोटो दाखवला तर — नको होता दाखवायला.

७ मार्च

आता चेहरा आहे. फोटोचा कागद कोरा.

त्याला काही येत नाही. बोलत नाही, हसत नाही. मी दिलेलं सगळं आत आहे आणि तो नुसता बघतो. हा तो नव्हे. हे मला आज कळलं. जो होता तो माझ्यापाशी होता, आणि मी त्याला थोडा थोडा करून या गवताला चारला. पद्माला तिची आठवण जपून रडायचं होतं. मला रडायचं नव्हतं. तिचं बरोबर होतं.

विळा घेऊन गेलो. त्यानं मान वर केली. विळा तिथेच टाकून आलो.

एवढं कळतं की मला एक मुलगा होता. त्याचं नाव माहीत आहे. बाकी काहीच नाही. नाव अजून सांगितलेलं नाही.

नाथाजींना साताऱ्याला धाडलं. पद्माला तार केली: ताबडतोब ये.

११ मार्च

पद्मा आली. गुरुजींना वाईहून उद्या आणायचं ठरलं. किती वाळली आहे! फाट्यावर तिचा हात धरला, लोक बघत होते तरी सोडला नाही. वाटेत सगळं सांगितलं. तिनं ओरडावं असं वाटत होतं. ती म्हणाली, मला वाटलं मलाच वेड लागलं. महिना दोन महिने झाले, तो शाळेत जाणारा मला आठवतच नाही. रांगणारा आठवतो, पाळण्यातला आठवतो, आणि पुढे नुसतं पांढरं.

म्हणजे माझंच गेलं नाही. तिचंही गेलं. जे तिचं एकटीचं होतं, मी कधी पाहिलंच नव्हतं, तेवढं तान्हेपण उरलं आहे. आम्ही पुरुष त्या काळी पोर मांडीवर घेत नव्हतो.

चुलीपाशी बसून आम्ही दोघं रडलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. उद्या जाळायचं. ती म्हणाली, काडी मी लावते, तुमच्यानं व्हायचं नाही.

१२ मार्च, सकाळ

गुरुजी दुपारी येतील. पद्मा न्हाली, हिरवी साडी सोडून पांढरी नेसली. नाथाजींनी गवऱ्या रचल्या. धोंडुबाई आल्या आहेत. सगळं ठीक आहे. मी पद्माला बजावलं आहे: बघू नकोस, बोलू नकोस.

१२ मार्च, दुपार

तिनं बघितलंच. काडीपेटी हातात घेऊन आत गेली आणि त्यानं — दोन्ही हात वर केले. तान्हं पोर उचलून घ्या म्हणतं, तसे. हे त्याला कुणी सांगितलं? मी नाही. मला ठाऊकच नव्हतं.

तिनं आतून कडी घातली.

मी काचेला तोंड लावून ओरडलो. ऐकत नाही. मांडी घालून बसली आहे, त्याचं डोकं मांडीवर, त्याच्या अंगातलं पाणी थेंब थेंब गळतंय तिच्या पांढऱ्या साडीवर. ती बोलते आहे. ओठ दिसतात. नाथाजी पहार आणायला धावले. आत जितं माणूस आहे, रॉकेल कसं ओतणार.

दगडानं एक काच फोडली. आवाज आता बाहेर येतो. तेल लावून न्हाऊ घातलं ते सांगते आहे. धुरी दिली ते. पहिला दात. एकेक सांगते आणि हसते, आणि मग क्षणभर गोंधळून हातांकडे बघते —

पद्मा, अगं पुरे —

मागे मागे चालली आहे. दात झाला, हुंकार झाला, आता पाळणा. बारसं. बाया जमल्यात म्हणते. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या — मान हलवते आहे —

यानंतर कानात नाव सांगतात.

तिनं ते सांगितलं की माझ्यापाशीही राहणार नाही. कुणापाशीच नाही. कागदावर लिहिलेलं तेवढं राहतं, हे पाहिलं आहे. वही भरली तरी मी ते कुठे लिहिलं नाही, चिरंजीव, चिरंजीव करत बसलो — आता लिहितो. ती वाकली आहे. तोंडाशी हात धरला. लिहितो. आमच्या मुलाचं नाव